विंगेतून न गेलेलं वाक्य

अण्णा रेठरेकर बहिरे नव्हते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. सांगलीच्या नाटकवाल्यांत त्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "कानानं घात केला हो अण्णांचा, नाहीतर अजून दहा वर्षं गाजवली असती." सगळे हळहळतात. त्यात मीही मान हलवतो. घात कानानं केला नव्हता, मी केला होता.

एवढं कबूल केलं म्हणजे आता मी त्यांचे गोडवे गाणार, असं कुणाला वाटेल. तसलं काही नाही. तो माणूस मला आवडत नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण अण्णा जित्याजागत्या माणसांबद्दल त्यांच्या तोंडावर जे बोलायचे, त्यापुढं माझं हे बोलणं म्हणजे आरतीच.

अण्णा वाळव्याकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क होते. उसाच्या गाड्या तोलून तोलून त्यांना माणसंही तोलायची खोड लागली होती. त्यांच्याकडं मापं दोनच, रस आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला. नवा नट तालमीला आला, दोन वाक्यं बोलला, की अण्णा खांद्यावरचं उपरणं झटकून निकाल द्यायचे, "पाचट." एका बड्या अधिकाऱ्यानं हौसेनं नाट्यपद म्हटलं. पाचट. सख्खा जावई दिवाळीला पेढे घेऊन आला. पेढा बरा, जावई पाचट. एका शाळेनं त्यांना गॅदरिंगला बक्षिसं वाटायला बोलावलं, तेव्हा त्यांची पिशवी धरायला मी बरोबर होतो. नाटुकल्यात राणी झालेल्या चौथीतल्या पोरीला त्यांनी माईकवरनं सांगितलं, "बाळ, तलवार झ्याक धरलीस. बाकी समदं पाचट." पोरगी हमसून रडायला लागली. पाहुणे बोलले म्हणून हेडमास्तर हसले. हेडमास्तर हसले म्हणून मीही हसलो.

मग रस होता कुणात? तो जगात एकाच माणसात होता, आणि तो माणूस रोज सकाळी आरशासमोर उभा राहून मिशीला कलप लावायचा.

रंगमंचावर त्यांची भाषा अशी की शब्दकोशानं पाया पडावं. आणि एंट्री संपवून विंगेत पाऊल टाकलं की, "आयला, घाम लय यायलाय. पंखा कुठं मेला रं?" कुणाच्याही घरी गेले तरी जिथं तोंडावर उजेड पडेल तीच खुर्ची धरायचे. दुसऱ्याला चहा सांगताना 'अर्धा' सांगायचे, स्वतःला भरून. प्रयोगाआधी आम्ही रंगमंचाची पूजा करून नारळ फोडायचो. खोबऱ्याची पहिली भकल अण्णांची. मग बाकीचे नट, पेटीवाला, पडदा ओढणारा. प्रॉम्प्टरपर्यंत येईतो करवंटीला चिकटलेला चुरा उरायचा. प्रॉम्प्टर म्हणजे मी.

आमची मंडळी कसली ते सांगतो, म्हणजे गैरसमज नको. थर्माकोलचे खांब, भाड्याच्या पगड्या, आणि वर्षानुवर्षं एकच ऐतिहासिक नाटक. एक म्हातारा सरदार भलत्याच संशयावरून धाकट्या भावाला वाड्याबाहेर काढतो. शेवटच्या अंकात भाऊ म्हातारा होऊन परत येतो. तेव्हा सरदार म्हणतो, "चुकलो मी, धाकट्या. आता तू बोल. मी ऐकतो." पडदा. नाटकात तेवढंच एक वाक्य कामाचं होतं. बाकी तलवारींचा खणखणाट आणि शिव्या.

आणि हे एक लिहिलं पाहिजे, जिवावर येत असलं तरी. ते वाक्य अण्णा म्हणायचे तेव्हा दर वेळी विंगेत माझ्या अंगावर काटा यायचा. जन्मात कुणाची माफी न मागितलेला, कुणाचं ऐकून न घेतलेला हा माणूस ते दोन शब्द कुठून आणायचा, कुणास ठाऊक. त्या वाक्यासाठी मी त्यांच्याकडं टिकलो असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला दुसरीकडं कुणी विचारलं नव्हतं. सरकारी कचेरीत दिवसभर टपाल आत-बाहेर करणाऱ्या माणसाला संध्याकाळी रंगमंचापासून चार हातांवर उभं राहायला मिळत होतं, एवढ्यावर तो खूश होता.

अण्णा मला 'कुजबुज्या' म्हणायचे. नाव पाडून वर अर्थही सांगायचे, "मी काय कुठं अडत न्हाई. पर अडत न्हाई हे बघाय एक साक्षीदार नगं का? म्हनून ह्यो विंगेत."

अडत नव्हते हे खरंच. पण प्रॉम्प्टरचं काम पुस्तक वाचायचं नसतं, नटाचा गळा बघायचं असतं. नट अडणार हे त्याच्याआधी आपल्याला कळतं. कंठमणी वर जातो आणि खाली यायचा थांबतो. त्या क्षणी शब्द द्यायचा, तोही असा की त्याच्या कानात पडावा आणि पहिल्या रांगेला कळू नये. ही एक विद्या मला येत होती.

एका वर्षी नाट्यस्पर्धेच्या प्रयोगात अण्णांनी मला एक भूमिका दिली. हुजऱ्याची. वाक्य एकच, "सरकार, धाकटे सरकार दारात उभे आहेत." मी गावाकडं निरोप धाडला. आमचे बापू फौजेतून हवालदार म्हणून सुटून कवठे महांकाळला शेती आणि चार शेरडं सांभाळत होते. आयुष्यात नाटक बघितलेलं नाही. ते इस्त्रीचा सदरा घालून, दोन गाड्या बदलून आले आणि तिसऱ्या रांगेत ताठ बसले, परेड बघायला बसल्यासारखे.

मी चेहऱ्याला रंग लावून तयार होतो. मेकअपवाला अण्णांच्या मिशीला सरदारी टोकं चिकटवत होता. आरशातून माझ्याकडं बघून ते म्हणाले, "ह्यो हुजऱ्या मधी कशाला पायजे? धाकटा सरळ आत यील. पाचट नुसतं."

मी म्हटलं, "अण्णा, बापू आलेत कवठ्यासनं. माझं काम बघायला."

"मग बसू देत की. नाटक फुकटच हाय त्यास्नी." मग मिशी दाबत, अगदी मायेनं सांगितल्यासारखं, "तुजा आवाज विंगेपुरता हाय गड्या. उजेडात आनलास तर मरंल त्यो."

मेकअपवाला हसला. पेटीवाला हसला. मी अंगरखा काढून खुंटीला लावला आणि पुस्तक घेऊन विंगेत उभा राहिलो. चेहऱ्याचा रंग पुसायचंही सुचलं नाही.

तीन अंक मी बापूंच्या मान उंचावण्याकडं बघत होतो. कुणीही दारातून आलं की ते पुढं सरकायचे. मी नव्हे असं दिसलं की मागं टेकायचे.

शेवटचा प्रवेश आला. धाकटा भाऊ झालेला नट पलीकडच्या टोकाला गुडघ्यावर बसला. अण्णा दोन पावलं पुढं आले, माझ्या विंगेपासून हाताच्या अंतरावर. कंठमणी वर गेला आणि थांबला.

मला कळलं. त्यांच्याआधी कळलं. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पुस्तकात बघायची गरज नव्हती. त्यांनी मान किंचित माझ्या बाजूला कलती केली. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला माझ्याकडनं काही पाहिजे होतं.

मी ओठ मिटून घेतले.

ती शांतता किती लांबली सांगता येणार नाही. मागच्या पोरांतून शिट्टी आली. कुणीतरी ओरडलं, "म्हातारं झोपलं रं!" हशा पिकला. शेवटी धाकट्या भावानंच अंदाजानं स्वतःचं वाक्य म्हटलं आणि कुणीतरी पडदा ओढला.

अण्णा विंगेत आले. मला वाटलं कानाखाली बसणार. पण त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता. "दिलतंस न्हवं तू?"

हो किंवा नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर शिव्या खाऊन सुटलो असतो. मी म्हणालो, "दिलं की, अण्णा. दोनदा दिलं. तुम्हाला ऐकू आलं नाही."

त्यांनी हात उचलून स्वतःच्या कानाला लावला. मेकअपचा रंग कानाच्या पाळीला लागला. मला त्या वेळी, लाज वाटली असं लिहिलं तर खोटं होईल. गार वाटलं.

सकाळी बापूंना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. खिडकीत बसल्यावर म्हणाले, "तू कुठं हुतास रं?"

"आत होतो, बापू. पुस्तक धरून."

"असंल." मग पिशवी मांडीवर घेत, "त्यो म्हातारा शेवटी गप हुबा ऱ्हायला न्हवं का, तेवढंच खरं वाटलं बग. बाकी लय आरडत हुता."

यानंतर अण्णांनी नाटक सोडलं. मंडळींनी समजूत घातली, मीही घालायला बरोबर गेलो, कारण न जाणं वाईट दिसलं असतं. अण्णा म्हणाले, "ज्याला विंग ऐकू येत न्हाई, त्यानं फळीवर चडू न्हाई." म्हणजे इतकी वर्षं विंग लागत होती तर! हे ऐकायला मला त्यांचं नाटक बंद पाडावं लागलं.

कानाचं मशीन घ्यायलाही मीच त्यांच्याबरोबर गेलो. दुकानदारानं कानाला ते गोल लावलं आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. अण्णांची खात्रीच पटलेली की आपल्याला ऐकू येत नाही. त्यामुळं पहिला आवाज आला तरी हा असेल की नसेल, म्हणून थांबायचे. त्या वयात थोडं कमी कुणाचंही असतंच. दुकानदाराला तेवढं पुरलं. आणि पुढची सहा वर्षं त्यांना शंका कशी आली नाही, असं कुणी विचारेल तर उत्तर सोपं आहे. समोरच्याचं ऐकायची त्यांना सवयच नव्हती. ऐकू येतंय की नाही, हे तपासायची वेळ कधी आली असती?

अण्णांच्या घरी त्यांची बायको, सुमनकाकू. जावयाला पाचट ठरवल्यावर मुलगी फारशी येईना, त्यामुळं दोघंच. काकू आमच्याच गल्लीच्या भजनी मंडळात गायच्या. गळा गोड. नवऱ्यानं कधी कौतुक केलं नाही ते सोडा. आता त्यांना दिवसभर ओरडायला लागलं. "आवंऽऽ, जेवाय वाडलंय!" "आवंऽऽ, गोळी घेतली का?" अण्णा मशीनचा आवाज कमी ठेवायचे, शिट्टी वाजते म्हणून, आणि काकू आवाज वाढवायच्या. बघता बघता त्यांचा गळा घोगरा झाला. डॉक्टरनं गाठी आल्यात म्हणून सांगितलं, गाणं बंद करा म्हणाला. ओरडणं बंद करा म्हणाला नाही, कारण ते कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. मंगळवारी भजनाला त्या नुसत्या टाळ घेऊन बसायला लागल्या. मी जाता-येता ते बघत होतो आणि कचेरीत जाऊन टपाल आत-बाहेर करत होतो.

मग सहा वर्षांनी एक सिनेमा आमच्याकडं आला. पुण्या-मुंबईची मंडळी औंधजवळच्या एका जुन्या घरात शूटिंग करणार होती. शंभर वर्षांपूर्वीचा काळ, म्हातारपण, पश्चात्ताप, क्षमा वगैरे. दिग्दर्शक गळ्यात मफलर गुंडाळून उन्हात उभा. त्याचा सहायक पोरगा प्रत्येक वाक्याला 'सर' म्हणून कुणाचंच ऐकत नव्हता. त्यांना जुने चेहरे पाहिजे होते, आणि सांगलीत कुणीतरी अण्णांचं नाव सांगितलं. काकू माझ्याकडं आल्या. "जावा की बरोबर, संपतराव. ह्यास्नी काय ऐकू येत न्हाई. तुमचं त्यास्नी बरोबर कळतंय."

भूमिका एका म्हाताऱ्याची. तो ओसरीवर अंगणाकडं तोंड करून बसलेला. त्याचा पुतण्या खूप वर्षांनी येतो, पाठीमागं उभा राहतो आणि हळू आवाजात म्हणतो, "आबा, मी चुकलो." त्या शब्दावर म्हाताऱ्यानं मान वळवायची. बोलायचं काहीच नाही.

सहायक म्हणाला, "सर, कानातलं मशीन काढावं लागेल हं. त्या काळात नव्हतं ना सर."

अण्णा म्हणाले, "मग तुमच्या हिरोचे दात बी काढा. असले पांढरे दात तवा राजाला बी नव्हते."

पण काढलं त्यांनी. डबीत घालून कोटाच्या खिशात ठेवलं. मी सहायकाला समजावून सांगितलं, यांना ऐकू येणार नाही, मी समोर कॅमेऱ्याच्या बाजूला बसतो, शब्द आला की टॉवेल हलवतो, ते बघून मान वळवतील. अण्णांनाही खुणेनं सांगितलं. सगळं ठरलं.

पुतण्या झालेला हिरो इतक्या बारीक आवाजात बोलला की आवाजवाल्यानं कानावरचे हेडफोन दाबून धरले. माझा हात अजून मांडीवरच होता. टॉवेल हलला नव्हता. आणि 'चुकलो' या शब्दावर अण्णांची मान वळली.

दिग्दर्शक खूश. मला वाटलं, योगायोग. पुन्हा एकदा करू म्हणाले. तेव्हा अण्णांनी हात वर केला आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्याला माज्या मागं बशीवा."

सहायक गोंधळला. "पण सर, खूण?"

"बशीवा म्हनतो न्हवं."

मला त्यांच्या मागं, खांबाआड बसवलं. आता त्यांच्या समोर कोरं अंगण होतं, लांबवर यमाईचा डोंगर. माझ्यापुढं त्यांची पाठ, आणि तो कान. हिरोनं पुन्हा ते वाक्य म्हटलं, या वेळी जवळजवळ श्वासातच. अण्णांची मान वळली. घाईत नाही, उशिरा नाही. हिरोच्या खांद्यावरून ते माझ्याकडं बघत राहिले. गाडी काट्यावर चढल्यावर आकडा थांबायची वाट बघतात, तसं. कॅमेरा ते बघणं टिपत होता. सिनेमा आला तेव्हा सगळे म्हणाले, काय क्षमा आहे त्या नजरेत! क्षमा कसली? वजन चाललं होतं.

परतीच्या गाडीत आम्ही दोघं मागं, पुढं ड्रायव्हर. विटं गाव मागं पडलं. मशीन अजून डबीतच होतं. मग मी तोंड उघडलं. माझ्या त्या विंगेतल्या आवाजात, त्यांच्याच कानाला पोचेल आणि ड्रायव्हरला कळणार नाही अशा बेतानं म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मी वाक्य दिलं नव्हतं."

अण्णा खिडकीबाहेर द्राक्षांच्या बागा बघत होते. तिकडंच तोंड ठेवून म्हणाले, "मशीन काडलंय मी. मोठ्यानं बोल."

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. ओळख ना पाळख, परत कधी भेटणार नाही असा माणूस. त्याच्यादेखत मला बोलता आलं नाही. माझा कंठमणी नुसता वर जाऊन थांबला. अण्णा वळून त्या गळ्याकडं बघत होते. त्यांनी बराच वेळ थांबून बघितलं, हे कबूल केलं पाहिजे. मी त्यांना तेवढा वेळ दिला नव्हता.

"ऱ्हाऊ दे मग," ते म्हणाले. "पाचट."

सांगलीत त्यांच्या दारात गाडी थांबली तेव्हा दिवेलागण झाली होती. मी पिशवी काढून दिली. फाटकाशी उभं राहून त्यांनी खिशातनं डबी काढली, मशीन कानात बसवलं, बोटानं नीट दाबलं. आतनं काकूंचा घोगरा आवाज आला, "आवंऽऽ, आला काऽऽ?"

अण्णांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग कानाला हात लावून, मान वाकडी करून, खऱ्या बहिऱ्या माणसासारखं ओरडले, "आँऽऽ? काय म्हनालीस?"

जन्मभर त्यांनी एवढं चोख काम कधी केलं नव्हतं. ते कुणासाठी केलं, मला अजून कळलेलं नाही. मला वाचवायला, की मला रोज ते ऐकायला लागावं म्हणून. की बायकोचा गळा उगीचच गेला हे तिला कळू नये म्हणून. तिसरं असेल तर मी या माणसाला ओळखलंच नव्हतं. पण ओरडू नको म्हणूनही त्यांना तिला सांगता आलं असतं. ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटपर्यंत ती ओरडत राहिली आणि ते 'आँ' म्हणत राहिले. माझ्यासारखंच त्यांनाही तोंड उघडणं जमलं नाही, असं मी म्हणतो, आणि असं म्हटलं की मला बरं वाटतं. हा माझा हलकटपणा.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. परवा काकूंकडं गेलो होतो. घरात त्या एकट्याच, तरी मोठ्यानं बोलतात. सवय मोडत नाही म्हणाल्या. चहाचा कप भरून माझ्यापुढं ठेवत त्या ओरडल्या, "तुमीच एकटे बगा, संपतराव, ह्यांच्याशी हळू बोलायचा! तरी कळायचं त्यास्नी!"

मी चहा प्यायलो आणि उठून आलो.

हे लिहिलं, पण लिहिणं म्हणजेही कुजबुजच. काकू वाचत नाहीत. त्यांच्यासमोर बसून, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात, 'चुकलो मी, काकू, अण्णा बहिरे नव्हते' एवढं वाक्य म्हणणं माझ्याकडं बाकी आहे.